उलटा इसार

माझ्या मेहुणीचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा आवाज हुबेहूब बायकोसारखा आहे. समोर असली की काही वाटत नाही, कारण तोंडवळा वेगळा, अंगकाठी वेगळी. पण फोनवर फरकच कळत नाही. बायको गेल्यावर दोन महिने मी मेहुणीचा फोन उचललाच नाही. फोन वाजायचा, मी त्याच्याकडं बघत बसायचो. सून म्हणायची, "मामा, उचला की. मावशीचा आहे." मी म्हणायचो, "वाजू दे." कारण सांगितलं नाही. सांगायला लागलो असतो तर रडलो असतो, आणि सुनेसमोर रडणं मला जमत नाही.

मेहुणीला सगळं गणगोत धाकटी म्हणतं, मीही तेच म्हणतो. छावणीच्या बाजारात एका बंद दुकानाच्या ओट्यावर तिचं पिको-फॉलचं काम आहे. साडीला फॉल लावायचा, ओढणीच्या कडेला पिको मारायचा, कोणाची पँट लांब असली तर बोटभर आत घ्यायची. एक मोटरचं मशीन, एक स्टूल, वर ताडपत्री. एवढाच पसारा. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातनं दोनदा घरी येतो. साडू माणूस चांगला आहे, पण त्याच्या पगाराचा भरवसा नाही. घर चालतं ते त्या मशीनवर.

मी स्वतः चौथी शिकलो. सगळा जन्म शेळ्या-मेंढ्यांच्या दलालीत गेला. आता पोराकडं क्रांती चौकाच्या मागं राहतो, पण तीस-पस्तीस वर्षं पाचोडच्या बाजारात उभा होतो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबायची, बाजूच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. भाव जमला की घेणारा विकणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवतो. त्याला इसार म्हणतात. इसार पडला की सौदा पक्का. मग मागनं कोणी दीडपट भाव घेऊन आला तरी विकणाऱ्यानं हलायचं नाही. मोडायचाच असंल तर इसार दुप्पट करून परत द्यायचा. माझा सासराही दलालच. म्हणजे धाकटी इसार हा शब्द ऐकत मोठी झालेली पोर. दिलेल्या इसारावर तिचा जेवढा विश्वास तेवढा देवावरही नसंल. माझंही तसंच. आणि ह्याच गोष्टीनं आम्हा दोघांना येडं बनवलं.

झालं असं. बायकोचं वर्षश्राद्ध उरकून पंधरा दिवस झाले असतील. धाकटीचा फोन आला. तेव्हा मी उचलायला लागलो होतो.

"दाजी, पंधरा हजार पाहिजेत. कामून म्हणून विचारू नका."

आता हा आवाज ऐकल्यावर मी काय विचारणार? बायकोनं जन्मात माझ्याकडं असं काही मागितलं नाही. बांगड्या भरायच्या असल्या तरी शेळीचं दूध विकून भरायची. तिचाच आवाज पहिल्यांदा काही मागत होता, मी गेलो बँकेत आणि आणून दिले. मूर्खपणा होता, पण त्या दिवशी मला लई बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

पुढं तीन आठवड्यांनी सकाळीच पुन्हा फोन.

"दाजी, चार वाजता माणूस येतोय, मशीन घेऊन चाललाय. रिकामा ओटा दिसला की तुम्ही बाजारभर बोंबलाल, म्हणून आधीच सांगून ठिवते."

"कोण माणूस? कोणतं मशीन?"

"माझं. इकलं म्या."

मी चहा तसाच ठेवून निघालो. रिक्षानं छावणीत पोचेपर्यंत डोक्यात एकच. ते मशीन घ्यायला चार बोकड बायकोनं विकले होते. बहिणीला पैसे दिले तेव्हा मलाही विचारलं नव्हतं, संध्याकाळी नुसतं सांगितलं. पुढं जमेल तेव्हा ती ओट्यावर जाऊन बसायची, साड्यांची दोऱ्याची टोकं तोडायची आणि दोघी बहिणी दिवसभर आख्ख्या बाजाराची उणीदुणी काढायच्या. ते मशीन चार वाजता जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर धाकटीची रोजची भाकरी.

मी पोचलो तर बाई ओट्यावर मांडी घालून मशीन पुसून राह्यली होती. तेलाचा हात फिरवून, मोटरवरची धूळ झटकून. पोरगी दाखवायची असल्यासारखं.

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं?"

"बसा आधी. पाणी प्या. रिक्षावाल्यानं किती घेतले?"

"रिक्षा मरू दे. मशीन कामून इकलं?"

तिनं इकडं तिकडं बघितलं, पदर सावरला आणि फोन काढला. पडद्यावर हिरव्या रंगाचे आकडे होते. एक रेघ डोंगरावर चढावी तशी वर गेलेली. खाली लिहिलेलं होतं, दोन लाख ऐंशी हजार.

"हे माझे हायत," ती म्हणाली. तोंडावर असं हसू की काय सांगू. "क्रिप्टो म्हणतात त्याला. कॉईन. त्ये नाणं हातात येत नाय, पण भाव वाढत जातो."

मग तिनं सगळं सांगितलं. फोनवर कोण एक ताई भेटली. आधी रोज सकाळी 'शुभ सकाळ' पाठवायची, मग ख्याली-खुशाली, बहीण गेल्याचं कळल्यावर तर आठ दिवस तिनं धाकटीला आईसारखं समजावलं. आमच्यापैकी कोणी तेवढं विचारलं नव्हतं, हेही खरं. मग हळूच त्या ताईनं एक लिंक धाडली, त्यावरनं ॲप उतरवायला लावलं. आधी दोन हजार घातले. चार दिवसांत त्याचे अडीच झाले, आणि काढायला गेली तर खरोखर बँकेत आले.

"आले व्हय?" मी विचारलं.

"आले की! म्या बँकेतनं काढून त्याचं तेल-डाळ आणलं. मंग म्या चाळीस घातले. भिशीचे. म्हणलं दोन लाख झाले की हा ओटा सोडू, शेजारचा गाळा घेऊ. पावसात साड्या भिजत्यात, दाजी."

चाळीसाचे दोन लाख ऐंशी झाले, आणि काढायला गेली तर ॲपवाले म्हणाले, आधी तुमची ओळख पक्की करा, त्याचे पंधरा हजार. ते मी दिलेले. ते भरल्यावर म्हणाले, आता टॅक्स. अठ्ठावीस हजार. आज पाच वाजेपर्यंत भरला नाही तर खातं गोठणार.

"म्हणून मशीन अठ्ठावीसला दिलं. दोन हजार इसार घेतला. अठ्ठावीस भरायचे, दोन लाख ऐंशी घ्यायचे, उद्या नवंकोरं मशीन, त्येबी दोन. हिशोब चुकतो का माझा?"

आता मी जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. मला तो हिशोब पटला. मी डोकं खाजवलं आणि म्हणालो, "पैसे मागतायत म्हणजे इसारच म्हणायचा. इसार मागणारा माणूस सौद्याला तयार असतो."

"त्येच तर म्या म्हणते!" धाकटीनं मांडीवर थाप मारली. "लबाड माणूस इसाराच्या गोष्टी कशाला करंल?"

दोघंही दलालाच्या घरातली. दुसऱ्या कोणाला पैसे मागितल्यावर शंका आली असती. आम्हाला उलटा भरवसा वाटला. मी तर खिशात हात घातला होता. म्हणालो, "मशीन राहू दे, अठ्ठावीस मी देतो. बँक किती वाजेपर्यंत उघडी असती?"

ती नको म्हणाली. आधीच पंधरा घेतलेत, आता नाही. मी म्हणालो, घे. ती म्हणाली, नाही. आमची अशी ओढाताण चाललेली असताना समोरच्या चहावाल्यानं दोन कट चहा आणून ठेवले. तो कप उचलताना माझ्या डोक्यात एकदम काहीतरी अडकलं. आयुष्यभर हजारो इसार ह्या हातानं घेतले नि दिले. प्रत्येक वेळी देणारा कोण होता?

"धाकटे," मी म्हणालो, "आपण घेणारे का इकणारे?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाजारात इसार कोण देतो?"

"घेणारा."

"मंग आपण काय घेऊन राह्यलोत? पैसे तुझे. ते त्यांच्याकडं हायत. ते तुला द्यायचेत. इसार तू कामून देती? शेळी इकून वर गिऱ्हाइकाला पैसे देणारा माणूस तुझ्या बापानं कधी बघितला होता का?"

तिनं कप खाली ठेवला. कपातला चहा तसाच.

"आन् माझी दलाली कशातनं निघायची?"

"इकलेल्या पैशातनं."

"घरनं आणून द्यायला लावली का मी कोणाला कधी?"

"नाय."

"लाव मंग फोन त्या ॲपवाल्याला. मला बोलू दे."

तिला आवडलं नाही. खातं गोठंल म्हणाली. मी म्हटलं, "पैसा तुझाच असंल तर माझ्या चार शब्दांनी कुठं पळत नाय." शेवटी तिनं लावला, आवाज मोठा केला आणि फोन मशीनच्या पाटावर ठेवला. पलीकडं एक जवान पोरगा होता. बोलणं लई गोड, पुस्तकातलं.

"नमस्कार मॅम. टॅक्सचं पेमेंट झालं का?"

"मी तिचा दाजी बोलतो."

"नमस्कार सर. पेमेंट झालं की पाच मिनिटांत पूर्ण रक्कम रिलीज होईल."

"पैसा कोणाचा हाय, बाबा?"

"मॅमचाच आहे सर."

"मंग त्यातनंच अठ्ठावीस काप आन् राहिलेले दे."

"सर, सिस्टीममध्ये तशी सोय नाही."

"कापायची सोय नाय? घ्यायची सोय हाय, ठिवायची सोय हाय, कापायचीच नाय?"

"सर, नियम आहे. आणि वेळ कमी आहे. पाच वाजता खातं फ्रीज होईल."

हे ऐकून मला जरा बरंच वाटलं. बाजारात घाई कोण करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. ज्याच्या शेळीला खोड असते तो. आमच्या बाजारात मी हात हातात घेतला की समोरच्याची नाडी कळायची, खोटं बोलणाऱ्याचा तळवा ओला होतो. इथं हात नव्हता. म्हणून मी तोंडानंच रुमाल टाकला.

"बरं, ऐक. तुझाबी फायदा करतो. दोन लाख ऐंशीतले निम्मे तुझे. एक लाख चाळीस हजार. तुला, घरी न्यायला. निम्मे आमचे. काप आन् धाड."

त्याच्या मागं दुसरे कोणी फोनवर बोलत होते, तसलंच गोड गोड. मग तो म्हणाला, "सर, आम्ही लाच घेत नाही."

मी धाकटीकडं बघितलं. तिचा चेहरा अजून गोंधळलेलाच होता, पण भुवया वर गेल्या होत्या.

"एक लाख चाळीस हजार सोडून तू अठ्ठावीस हजारांच्या मागं लागला?" मी म्हणालो. "कोणत्या गावचा रे तू?"

"सर, तुम्ही समजून घेत नाही."

"मंग आजून सोपं करतो. सगळे घे. दोन लाख ऐंशी तुझे, तुझ्या पोराबाळांचे. आमचे घातलेले चाळीस तेवढे परत दे. मंजूर?"

"सर, त्यासाठीसुद्धा आधी टॅक्स..."

धाकटीनं फोन झडप घालून उचलला. "आरं मुडद्या! सगळंच घे म्हणलं तरी घेईना व्हय तू? हाय का नाय तुझ्याकडं काही? दाखव तोंड! व्हिडिओवर ये!"

फोन कट झाला. तिनं पुन्हा लावला, लागला नाही. ताईला लावला, तोही लागला नाही. पडद्यावर हिरवी रेघ मात्र अजून वर चढतच होती. दोन लाख चौऱ्याऐंशी झाले होते. ती म्हणाली, "दाजी, एवढं बोलण्यात चार हजार वाढले बगा." आणि तिला हसू फुटलं. कसलं हसू! ओट्यावरनं खाली पडायची राहिली. मलाही आवरेना. "आम्ही लाच घेत नाही" असं तिनं त्या पोराच्या आवाजात म्हणून दाखवलं, मग तर माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. चहावाला विचारायला लागला काय झालं म्हणून. मी एवढा हसलो त्याला वर्ष उलटून गेलं होतं. हसता हसता मध्येच वाटलं, हे घरी जाऊन बायकोला सांगायला पाहिजे. असं अजून होतं मला. मग आठवतं.

धाकटीचं हसू थांबलं तेव्हा ती रडायला लागली. चाळीस आणि पंधरा, पंचावन्न हजार. मी तिला रडू दिलं. समजावण्यात मी कच्चा आहे. थोड्या वेळानं म्हणालो, "डोळे पुसती त्ये मशीन पुसायचं फडकं हाय, त्याला तेल हाय, तोंड काळं करून घेशील." तिनं बघितलं, खरंच गालाला वंगण लागलं होतं.

मग दोघं उठलो. आधी बँकेत गेलो, तिथल्या माणसानं सगळी कागदं काढून दिली आणि सायबर पोलिसांकडं पाठवलं. तिथं एक पोलीस बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. मला वाटलं आता ही आम्हाला फाडून खाणार, येडे कुठले म्हणणार. तसं काही नाही. शांतपणे लिहून घेतलं. फोनमधलं काहीही पुसू नका म्हणाली, त्या ताईचे निरोपसुद्धा राहू द्या.

"आजोबा, पैसे काढायला पैसे मागितले की समजायचं," ती म्हणाली. "नाव काहीही देतात. टॅक्स, ओळख, दंड. टॅक्स भरायचा असतो तो सरकारला, ॲपवाल्याला नाही. आणि पहिल्यांदा थोडे परत देतात ते पुढचे मोठे काढायला."

"त्ये अडीच हजार!" धाकटी म्हणाली. "म्या त्याचं तेल आणलं, मॅडम."

"मग तेल खा," बाई हसली. "पैसे परत येतील असं मी सांगत नाही. उशीर झालाय. पण लिहून ठेवू. आणि एक. आता तुम्हाला दुसरे फोन येतील. आम्ही वकील आहोत, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा. तीच टोळी असते, किंवा तिची भावकी."

आठवड्याच्या आत तो फोन आला. साहेबी आवाजाचा माणूस होता. धाकटीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "व्हय साहेब, व्हय साहेब" करत. मग म्हणाली, "साहेब, म्या आता साडी पिकोला धरलीय, तुम्ही जरा थांबा." आणि फोन मशीनशेजारी ठेवून मोटर सुरू केली. अर्धा तास तो तिथं मशीनचा आवाज ऐकत थांबला होता म्हणे. मला तिनं हे सात वेळा सांगितलं आहे, दर वेळी तो जास्त वेळ थांबतो.

पण त्या दिवशीचं राहिलं. पोलिसांकडनं ओट्यावर परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते, आणि मशीन अजून विकलेलंच होतं.

"आता काय करायचं?" धाकटी म्हणाली. "इसार घेतलाय म्या. दुप्पट कुठनं देऊ? चार हजार?"

मी म्हणालो, "मी देतो."

"तुमचा एक पैसा घेणार नाय. मेले तरी."

"मंग मशीन जाऊ दे."

"त्येबी नाय!"

अशी ती. बायकोही अशीच होती, दोन्ही वाटा बंद करून मधल्या वाटेनं निघायची.

चारच्या ठोक्याला माल वाहायची रिक्षा येऊन थांबली. त्यातनं एक मुसलमान टेलर उतरला. माझ्याच वयाचा, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच. त्याचं दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. सोबत दोरखंड आणला होता.

"सलाम, बाई. माल तय्यार है ना? रिक्षा का भाडा चालू है."

धाकटी मान खाली घालून उभी राहिली. मग एकदम दोन हजारांच्या नोटा पुढं करून म्हणाली, "चाचा, मशीन नाय देत मी."

"अरे! इसार दिया मैंने. इसार! बच्चों का खेल है क्या?"

ह्या माणसाला इसार कळत होता, एवढं ऐकून माझं मन त्याच्यावर बसलं. मी पुढं झालो, सगळी गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही, माझे पंधरा हजारही नाही. तो दाढीवर हात फिरवत ऐकत राहिला. "सब रख ले बोले तो भी नई लिया?" त्यानं दोनदा विचारून घेतलं, आणि दुसऱ्यांदा त्याच्या पोटातनं हसू आलं. पण हसून झाल्यावर पुन्हा म्हणाला, "वो सब ठीक है पाटील. मेरा क्या? मेरी मशीन की मोटर जल गई. शादी का काम है, डेढ सौ ओढनियां पिको कू पडी हैं. मैं किसकू बोलूं?"

मी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याचा हात धरला आणि दोघांच्या हातावर टॉवेल टाकला. सवय. बोटं दाबायला सुरुवात केली.

"अजी, ये क्या करते? मेरेकू गुदगुल्या होरे!"

त्यानं हात काढून घेतला. रिक्षावाला खो खो हसायला लागला. मी म्हणालो, "चाचा, भाव करून राह्यलो." तो म्हणाला, "तो मुंह से करो ना, मुंह कायकू दिया अल्ला ने?" मग मी त्याला शिकवलं. एक बोट म्हणजे काय, पूर्ण पंजा म्हणजे काय, अर्धं कसं दाबायचं. तो ओट्यावर बसला, स्वतःच टॉवेल ओढून घेतला आणि माझी बोटं मोजायला लागला. धाकटी म्हणाली, "दोघं म्हातारे हातात हात घालून बसलेत, बाजार बघतोय." आम्ही लक्ष दिलं नाही.

सौदा टॉवेलाखालीच झाला. मशीन हलायचं नाही. इसार जेवढा दिला तेवढाच परत, दुप्पट माफ. बदल्यात दीडशेच्या दीडशे ओढण्या धाकटीनं मारून द्यायच्या, मजुरी बाजारभावापेक्षा ओढणीमागं एक रुपया कमी, दोरा टेलरचा, आणि पहिल्या पन्नास आज दिवस मावळायच्या आत, कारण नवरीकडची माणसं संध्याकाळी दुकानात येऊन बसणार होती. त्यानं शेवटी माझं मधलं बोट एवढं जोरात दाबलं की मी ओरडलो. "पक्का," तो म्हणाला. पहिल्याच दिवशी एवढा चांगला शिकलेला माणूस मी पाचोडात बघितला नाही.

"बाई, एक बात बोलूं," उठताना तो धाकटीला म्हणाला. "गाला लेना है ना? मशीन बेच के गाला नई मिलता. मशीन चला के मिलता."

"चाचा, तुम्ही आधी ओढण्या आणा," धाकटी म्हणाली. "उजेड जाईल."

रिक्षा रिकामी गेली आणि पंधरा मिनिटांत भरून आली. लाल, राणी रंगाच्या, एक पोपटी, दोन गठ्ठे नुसत्या मोतिया. टेलर दोऱ्याची रिळं स्वतः घेऊन आला आणि जायचं सोडून चहावाल्याकडनं स्टूल मागून बसला. म्हणाला, काम कसं होतं ते बघतो. खरं म्हणजे त्याला गोष्ट पुन्हा ऐकायची होती. धाकटीनं सुई ओवली, पायानं पट्टी दाबली, मोटर घुमली. पहिली ओढणी सरसर पलीकडं पडायला लागली, आणि जिथं पडत होती तिथं तेलाचं फडकं होतं.

"दाजी, नुसते बसू नका!" ती मशीनवरनं मान न वळवता ओरडली. "त्ये फडकं उचला, हात धुऊन या आन् घड्या घाला. नवरीची ओढणी हाय, डाग पडला तर चाचाला तुम्हीच तोंड द्यायचं."

मी नळावर जाऊन दोन्ही हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत. येऊन खाली बसलो आणि पहिली राणी रंगाची ओढणी हातात घेतली. घडी वाकडी झाली. टेलरनं काही न बोलता ती माझ्या हातातनं घेतली, उलगडली आणि मला पुन्हा दाखवायला लागला.